इसार देण्याआधी: गावाकडची जागा, घर आणि कर्ज

जागा पसंत पडली, मालकाशी दर ठरला, चार पाहुण्यांच्या साक्षीनं इसार दिला आणि मग बँकेत गेलो. आपल्याकडे गावाकडच्या जागेचे बहुतेक व्यवहार याच क्रमानं होतात आणि कर्ज अडतं तेही बहुतेक याच क्रमामुळं. पगार चांगला असतो, सिबिल स्वच्छ असतं, घर बांधायची तळमळ खरी असते. तरीही बँक नाही म्हणते, कारण तिला अडचण माणसाची नसते, जागेची असते. तोवर इसाराचे दोन लाख मालकानं कुठंतरी वापरलेले असतात.

म्हणून या लेखात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, हातकणंगले, कागल, पन्हाळा, कुठंही जागा बघा, पण इसार देण्याआधी त्या जागेवर कर्ज मिळू शकतं का, हे विचारा. याचं उत्तर कागद बघून आठ-पंधरा दिवसांत मिळतं.

शेतजमिनीवर घरकर्ज का मिळत नाही

गृहकर्जात बँक जागा तारण घेते. हप्ते थकले तर जागा विकून पैसे वसूल करता येतील, या भरवशावर ती वीस वर्षांसाठी पैसे देते. २००२ च्या सरफेसी कायद्यानं बँकांना थकीत कर्जाची मालमत्ता न्यायालयात खटला न चालवता ताब्यात घेण्याचा अधिकार दिला. पण याच कायद्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळली आहे. म्हणजे सातबारावर शेती असलेल्या जागेवर बँकेचा हा हात चालत नाही.

दुसरी अडचण आपल्या राज्याच्या कायद्यातली. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. बँकेनं उद्या लिलाव काढला तरी बोली लावणारे थोडेच उरतात. पीककर्ज, ठिबक, विहीर यासाठी शेतजमीन तारण चालते, कारण ती कर्जं शेतीची आणि त्यांची पद्धत वेगळी. घरासाठी मात्र बँकेला बिनशेती जागाच हवी असते. शाखाधिकारी ओळखीचा असला तरी यात त्याच्या हातात काही नसतं.

तुमची जागा नेमकी कुठल्या जातकुळीची?

सगळ्यात सोपी जागा म्हणजे मंजूर लेआउटमधला बिनशेती प्लॉट. बिनशेती आदेश किंवा सनद, मंजूर रेखांकनाचा नकाशा, त्यात तुमचा प्लॉट नंबर आणि प्लॉटपर्यंतचा रस्ता एवढं असलं की बँका स्वतःहून पुढं येतात. मात्र ‘एनए (बिनशेती) होणार आहे’, ‘फाइल टाकली आहे’, ‘टेंटेटिव्ह एनए’ हे शब्द ऐकू आले तर थांबा. बँकेच्या लेखी ती अजून शेतीच असते.

दुसरी गावठाणातली जागा. इथं पूर्वी मोठी पंचाईत होती. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा म्हणजे घरपट्टीची नोंद. त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही आणि बऱ्याच गावांत दुसरा कागदच नसायचा. २०२० साली केंद्राची स्वामित्व योजना आली, ड्रोननं गावठाणं मोजली जाऊ लागली आणि घराघराला मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मिळू लागली. गावठाणातली जुनी पडवी पाडून नवं घर बांधायचं असेल, तर विकणाऱ्याकडं आधी मिळकत पत्रिका मागा. पत्रिका असेल तर कर्जाचं बोलणं होऊ शकतं. फक्त नमुना ८ असेल तर मोठी बँक सहसा हात लावत नाही.

तिसरी जागा गावाला लागून असलेल्या शेतातली. जमीन महसूल संहितेत अशी सोय आहे की गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, किंवा विकास आराखड्यात अथवा प्रादेशिक योजनेत रहिवासी दाखवलेली जमीन, वेगळ्या बिनशेती परवानगीच्या फेऱ्यात न अडकता रूपांतराची रक्कम आणि कर भरून बिनशेती धरली जाते. सरकार हे नियम वरचेवर आणखी सोपे करत आलं आहे. म्हणून आज कोणता कागद लागतो हे तहसील कार्यालयातच विचारावं, दलालाच्या सांगण्यावर राहू नये. नगररचना कार्यालयातून त्या गटाचा झोन दाखला घ्या. ‘शेती विभाग’ असं लिहून आलं तर तिथं घराचा विचार सोडलेला बरा. ‘रहिवास’ असं आलं तर जागा बिनशेती करायचं काम मालकानं करून द्यायचं की तुम्ही, हे इसारपावतीत लिहून घ्या. माझं मत विचाराल तर ते मालकाकडूनच करून घ्यावं आणि खरेदीखत त्यानंतर करावं.

चौथा प्रकार सगळ्यात जास्त लोकांना रडवतो, तो म्हणजे शेतातला एक-दोन गुंठे. तुकडेबंदी कायदा १९४७ चा. २०२३ साली आपल्या जिल्ह्यासह बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे ठरलं. त्याहून लहान तुकड्याचं खरेदीखत सहजासहजी नोंदवलं जात नाही. मग तोडगा काढतात: पाच जणांनी मिळून दहा गुंठे सामायिक घ्यायचे, सातबारावर पाचही नावं लावायची आणि आपापसात दोन-दोन गुंठ्यांना खुंट्या ठोकायच्या. त्या खुंट्या कुठल्याच नकाशावर नसतात. तुमचे दोन गुंठे नेमके कुठले, हे कायद्याला माहीत नसतं. अशा जागेवर बँक कर्ज देत नाही आणि उद्या विकायची वेळ आली तरी बाकीच्या चौघांकडं बघावं लागतं. २०२५ साली सरकारनं रहिवासी वापराच्या भागातले, १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंत झालेले जुने तुकडे नियमित करायची वाट मोकळी केली, त्यानं अडकलेल्या अनेकांची सोय होईल. पण त्याचा अर्थ आज नव्यानं उसाच्या रानातला गुंठा घ्यावा, असा होत नाही.

सातबारावर भोगवटादार वर्ग २ असं लिहिलेलं असेल तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. वतनाच्या आणि देवस्थान इनामाच्या जमिनींचं तर आणखी जपून बघावं लागतं. आपल्या जिल्ह्यात देवस्थानच्या जमिनी गावोगाव आहेत, पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीचं कार्यालयही इथंच आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूस प्रामाणिकपणे ‘आमचीच जमीन’ म्हणत असतो, पण विकायचा हक्क त्याच्याकडं असतोच असं नाही.

सातबारा वाचताना कुठं थांबायचं

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून काढलेला सातबारा हा फक्त सुरुवातीचा कागद. त्यातला ‘इतर हक्क’ हा रकाना बोट ठेवून वाचा. विकास सेवा सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, तिथं दिसतो. ऊस लावणाऱ्या घरात पीककर्ज असणारच, त्यात वावगं काही नाही. व्यवहार असा करावा: ठरलेल्या रकमेतून सोसायटीचे पैसे थेट सोसायटीत भरायचे, कर्ज फिटल्याचा म्हणजे बेबाकी दाखला घ्यायचा आणि बोजा कमी केल्याचा फेरफार (सातबारातल्या बदलाची नोंद) मंजूर झाल्यावर उरलेले पैसे मालकाला द्यायचे. ‘बोजा मी नंतर उतरवतो’ या शब्दावर पैसे देऊ नका. मालकाची दानत चांगली असली तरी नको, कारण तुमची बँक बोजा असलेल्या जागेवर एक रुपया सोडत नाही.

त्यानंतर फेरफार. जमीन मालकाकडं कशी आली, वारसानं, वाटणीनं की खरेदीनं, हे त्यात कळतं. वडिलोपार्जित असेल तर बहिणींची नावं शोधा. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात असलेच पाहिजेत अशी अट नाही. बहिणीनं हक्क सोडला असेल तर त्याचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. घरात बसून कोऱ्या कागदावर घेतलेली सही चालत नाही. आणि घेणारा म्हणून आपलीही एक जबाबदारी आहे असं मला वाटतं. त्या बाईला काय सही करतोय हे समजलं आहे का, तिला तिचा वाटा मिळाला आहे का, हे विचारायला लाजू नये. तिच्या मनाविरुद्ध झालेला व्यवहार दहा वर्षांनी न्यायालयात उभा राहतो, तेव्हा तुमचं घर बांधून झालेलं असतं आणि हप्ते चालू असतात.

वकिलाकडून जागेच्या मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल घ्या. बँक तिच्या पॅनेलवरच्या वकिलाकडून तो घेतेच, पण त्यासाठी थांबलात तर इसार आधीच गेलेला असतो. भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्या. आणि रस्ता बघा. बांधावरून बैलगाडी जायची वहिवाट शेतीला पुरते, पण घरकर्जाच्या मूल्यांकनाला येणारा इंजिनिअर नकाशावरचा रस्ता मागतो.

आता पाण्याबद्दल, कारण हा कोल्हापूर जिल्हा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. आंबेवाडी, प्रयाग चिखली इथली माणसं घरंदारं सोडून बाहेर पडली, शिरोळ तालुक्यात गावंच्या गावं वेढली गेली, आणि २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. पाटबंधारे विभाग दोन पूररेषा आखतो. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, नवं बांधकाम करता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते. एप्रिल-मे महिन्यात दाखवलेला प्लॉट कोरडा ठणठणीत असतो आणि दरही जरा कमी सांगितलेला असतो. तेव्हा पाटबंधारे विभागाचा दाखला घ्याच, शिवाय शेजारच्या वस्तीत जाऊन एखाद्या आजीला विचारा, एकोणीस साली पाणी कुठवर आलं होतं? भिंतीवरची खूण दाखवतील. पश्चिमेकडं राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड या बाजूला जागा असेल तर वन आणि पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध त्या गावाला लागू आहेत का, तेही बघावं लागतं.

पैशाचं गणित

समजा, इचलकरंजीत नोकरी करणाऱ्या एका जोडप्याला हातकणंगले तालुक्यात तीन गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट घ्यायचा आहे. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेव्हा सव्वातीन हजार चौरस फूट जागा. गुंठ्याला ४ लाख धरू, म्हणजे १२ लाख. नुसत्या प्लॉटवर बँका साधारण ७० ते ८० टक्के कर्ज देतात. ७५ टक्के धरले तर ९ लाख बँकेचे आणि ३ लाख घरचे. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी कर्जात धरत नाहीत. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. दोन्ही मिळून सहा टक्के धरले तर आणखी ७२,०००. वकील, मोजणी, बँकेची प्रक्रिया फी यांचे चाळीस-पन्नास हजार. म्हणजे खिशात सव्वाचार लाख हवेत, तीन नव्हे. बरेचजण नेमके या सव्वा लाखावर अडतात आणि मग गळ्यातलं सोनं गहाण पडतं.

घर लगेच बांधायचं असेल तर नुसतं प्लॉटचं कर्ज घेऊ नका, जागा आणि बांधकाम मिळून एकत्र कर्ज मागा. त्याचा व्याजदर सहसा प्लॉटच्या कर्जापेक्षा कमी असतो आणि मुदत जास्त मिळते. हजार चौरस फुटांच्या बांधकामाला १८ लाख धरले तर सगळं मिळून ३० लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं, पण ती वरची मर्यादा आहे. ८० टक्के मिळाले असं समजू, म्हणजे २४ लाख. ९ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता सुमारे २१,६०० रुपये. घरात येणाऱ्या निव्वळ उत्पन्नाच्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंतच सगळे हप्ते मिळून बँक मान्य करते. तेव्हा दोघांचं मिळून महिन्याला पन्नास हजारांच्या आसपास उत्पन्न कागदावर दिसायला हवं. कागदावर हा शब्द महत्त्वाचा, कारण गाडीचा हप्ता आणि बचत गटाचं कर्जही त्यातूनच वजा होतं.

आता व्यवहारातली एक जुनी सवय. मालक म्हणतो, ‘बारा लाखांतले पाच रोख द्या, खरेदीखत सातचं करू.’ बँक सात लाखांवरच कर्ज मोजणार, म्हणजे सव्वापाच लाख. उरलेले पावणेसात तुम्ही उभे करायचे. शिवाय जागेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्यानं तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. कर्जावर जागा घेणाऱ्याला पूर्ण किमतीचं खरेदीखतच परवडतं, हे मालकाला पहिल्याच बैठकीत सांगून टाका.

कर्ज कुणाकडं मागायचं

राष्ट्रीयीकृत बँकेचा दर सहसा कमी, पण कागद कडक. नागरी सहकारी बँका आणि जिल्हा बँक ग्रामीण भाग जास्त ओळखतात. २०२२ साली रिझर्व्ह बँकेनं त्यांच्या गृहकर्जाच्या मर्यादा वाढवल्या. जिल्हा मध्यवर्ती बँकेचं नक्त मूल्य १०० कोटी किंवा जास्त असेल तर ती एका व्यक्तीला ७५ लाखांपर्यंत आणि त्याहून कमी असेल तर ५० लाखांपर्यंत गृहकर्ज देऊ शकते. गृहवित्त कंपन्या पगाराची स्लिप नसलेल्यांनाही विचारात घेतात. उसाची बिलं, दर दहा दिवसांनी येणारं दुधाचं बिल, दुकानाची उलाढाल यावरून त्या उत्पन्न मोजतात, पण व्याज जास्त लावतात. शेतकऱ्यानं एक करावं. दुधाचे आणि उसाचे पैसे वर्ष-दोन वर्षं एकाच बँक खात्यात येऊ द्यावेत आणि आयकर विवरणपत्र भरावं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी विवरणपत्रात दाखवता येतं आणि कर्जाच्या वेळी तेच बोलतं.

पतसंस्थेकडं जाताना व्याज कुठल्या पद्धतीचं, हे आधी विचारा. ५ लाख रुपये, पाच वर्षं, ‘दहा टक्के सरळ व्याज’ म्हणजे दरमहा १२,५०० रुपये हप्ता. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ५ लाखांवरच लागतं. घटत्या शिलकेवर हिशेब केला तर हा दर १७ टक्क्यांच्या वर जातो. नऊ टक्के घटत्या शिलकेनं देणारी बँक आणि दहा टक्के सरळ व्याजानं देणारी संस्था जवळपास सारखीच, असं समजून माणसं लाखभर रुपये जास्त भरतात. बँकेनं मुख्य तथ्य विवरणपत्र दिलंच पाहिजे, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर छापलेला असतो. तोच आकडा दुसऱ्या बँकेच्या आकड्याशी ताडून बघा.

ज्यांचं उत्पन्न अगदी कमी आहे त्यांच्यासाठी प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात, शिवाय रोजगार हमीची मजुरी. यादीत नाव आहे पण जागाच नाही, अशांना पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून जागेसाठी मदत मिळते. त्यासाठी ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि पंचायत समितीकडं जायचं.

परवानगी आणि टप्पे

बांधकाम परवानगीशिवाय बांधकामाचा एकही टप्पा बँक सोडत नाही. कोल्हापूर शहराभोवतालची ४२ गावं २०१७ पासून नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणात आहेत, तिथं परवानगी प्राधिकरणाची. इतर ग्रामीण भागात २०२१ च्या निर्णयानुसार ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरच्या घराला नगररचना विभागाकडं जावं लागत नाही, परवानाधारक अभियंत्यानं प्रमाणित केलेला नकाशा घेऊन ग्रामपंचायतीकडं जायचं.

पैसे एकदम मिळत नाहीत. जोता झाला की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा, वीटकाम-गिलावा झाला की पुढचा. प्रत्येक वेळी बँकेचा माणूस येऊन बघणार, मगच रक्कम सुटणार. म्हणून पहिला टप्पा आपल्या पैशानं पुरा करायची तयारी हवी आणि गवंड्याशी पैशाचं ठरवताना हेच टप्पे धरावेत. पावसाळ्याच्या तोंडाला पाया खणला आणि काम चार महिने थांबलं तर तेवढे महिने घेतलेल्या रकमेचं व्याज चालूच राहतं. दिवाळीनंतर सुरुवात केलेली बरी. नुसतं प्लॉटचं कर्ज घेतलं असेल तर ठरावीक वर्षांत, बँकेनुसार दोन ते पाच, घर बांधायची अट असते. ती मोडली तर व्याजदर वाढवला जाऊ शकतो. करसवलतही घर पूर्ण झाल्यावरच मिळते आणि तीही जुन्या करपद्धतीत राहणाऱ्यालाच. रिकाम्या प्लॉटच्या हप्त्यावर काही मिळत नाही.

बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड घेता येत नाही. उसाचं बिल आलं, बोनस आला, की वर्षातून एकदा वीस-पंचवीस हजार मुद्दलात जादा भरा, मुदत बरीच कमी होते. कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेनं मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात. उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागद हातात आले की बेबाकी दाखला घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं (पूर्वीचे तलाठी) किंवा भूमी अभिलेख कार्यालयात जा, बँकेचा बोजा कमी करायचा अर्ज द्या आणि बोजा उतरलेला नवा उतारा काढून मूळ खरेदीखताबरोबर ठेवा.